नळी निघाल्यानंतरचे दिवस

भाऊ, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीची नळी निघाली म्हणजे सुटलो असं समजू नका. दुर्बिणीतून प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची गाठ) खरवडलेली असते, आत ओली जखम असते. त्यामुळं जळजळ, घाईची लघवी लागणं, संडासापर्यंत पोचेस्तोवर दोन थेंब गळणं, हे काही आठवडे चालतं. लघवी स्वच्छ झाली अन् १०-१४ दिवसांनी एकदम लाल आली तरी हबकू नका, आतली खपली सुटते. पाणी वाढवा, पडून राहा, बहुतेक वेळा फिकी होते. (हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाणी किती ते डॉक्टरच सांगतील.)

कुंथायचं मात्र नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी खा. ठेचा काही दिवस बाजूला. सोयाबीनचं पोतं उचलणं अन् आपल्याकडच्या खड्ड्यांतून मोटारसायकल महिना-दीड महिना बंद. पाहुणे लातूरच्या लग्नाला ओढतील, जाऊ नका.

रक्ताच्या गाठी पडल्या, लघवी तुंबली किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून सुरू करू नका. संबंधाच्या वेळी बहुतेकांचं वीर्य बाहेर येत नाही, ते मूत्राशयात जातं. लाजून कुणी विचारत नाही, म्हणून सांगितलं. तपासायला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट तेवढा आठवणीनं घ्या.