पुण्याहून बंगळुरूला गिअरची सायकल पाठवायची आहे, पॅकिंग कसं करावं?

आधी सायकलच्या दुकानात जाऊन नव्या सायकलीचा रिकामा खोका मागा. बहुतेक वेळा फुकट किंवा किरकोळ पैशांत मिळतो. त्याच खेपेला पुढच्या फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या चिमट्यात) अडकवायचा प्लॅस्टिकचा तुकडा आणि डिस्क ब्रेक असतील तर पॅडमध्ये सरकवायची चकतीही मागून घ्या. नव्या सायकलींसोबत त्या येतात आणि दुकानदार फेकूनच देतात.

पेडल काढताना लक्ष द्या: उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याचे आटे उलटे असतात, म्हणजे ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचं. इथे उगाच जोर लावून लोक क्रँकचे (पेडल ज्याला बसतं त्या दांड्याचे) आटे घालवतात. १५ मिमीचा पाना लागतो, काहींना ॲलन की (षटकोनी किल्ली). पुढचं चाक काढल्यावर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकचा लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड चिकटून बसतात.

सगळ्यात नाजूक जागा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग. खोका त्या बाजूवर आपटला की हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकलाच. ५ मिमीच्या ॲलन कीने डिरेलर सोडवा, केबल तशीच राहू द्या, बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात आत बांधा.

हँडल सोडवून फ्रेमला समांतर बांधा. सीट काढा, पण आधी सीटपोस्टवर टेपची खूण करा. टायरमधली हवा थोडी कमी केली तरी पुरे. सुटे स्क्रू पिशवीत घालून ती फ्रेमलाच बांधा. शेवटी खोका हलवून बघा, आत काही खडखडलं तर अजून पुठ्ठा कोंबा. ‘नाजूक’ लिहा हवं तर, हमाल ते वाचतीलच असं नाही.