गुळाचा रंग आणि जिभेची साक्ष

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मानसशास्त्र आणि अन्नविज्ञान असे दोन विषय घेतलेस म्हणून घरात धुसफूस चालू आहे हे वाचलं. ‘एक डोक्याचं, एक पोटाचं, मेळ कुठं बसायचा?’ असं आजोबा म्हणाले ना? त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुझ्या प्रकल्पातूनच देता येईल, म्हणून आज सगळं त्या प्रकल्पाबद्दलच लिहितो.

वर्गातल्या शंभर मुलामुलींना ‘कुंदा आवडतो की करदंट?’ असं विचारायचं तुझ्या मनात आहे. ते करू नकोस. शंभर उत्तरं येतील, तू टक्केवारी काढशील, रंगीत आलेख लावशील आणि हाती काहीच लागणार नाही. बेळगावच्या पोराला कुंद्याचा अभिमान, गोकाकच्या पोराला करदंटाचा. उत्तर गावाचं येईल, चवीचं येणार नाही. शिवाय दोन पदार्थांत एकाच वेळी किती गोष्टी वेगळ्या आहेत बघ. एक आटवलेल्या दुधाचा, दुसरा गूळ, डिंक आणि सुक्यामेव्याचा. आवड कशामुळे निघाली हे कसं ओळखणार? संशोधन पद्धतीच्या पहिल्या प्रकरणात जे येतं ते एवढंच आहे: एक गोष्ट बदल, बाकीच्या धरून ठेव, मग काय होतं ते मोज. ऐकायला सोपं आहे. धरून ठेवणं मात्र महाकठीण.

त्यापेक्षा गूळ घे. चिकोडी, रायबाग, हुक्केरी, अथणी हा सगळा उसाचा पट्टा आहे, गूळ तुझ्या घरात लहानपणापासून आहे. आणि दुकानात माणसं गूळ कशी घेतात ते तू पाहिलं आहेस: पिवळाधमक दिसला की हात तिकडे जातो, काळपट ढेप मागे सरकवली जाते. आता प्रश्न असा विचार: पिवळा गूळ लोकांना आवडतो तो जिभेला की डोळ्याला? या एका प्रश्नात तुझे दोन्ही विषय येतात. आजोबांना हेच सांग.

रंगाची बाजू अन्नविज्ञानाची. रस काहिलीत उकळत असताना गुळव्या भेंडीच्या खोडाचा चिकट पाणीदार रस घालतो, वर आलेली मळी काढतो, चुन्याची निवळी बेताने टाकतो. शेवटी पाक साधारण 118 अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. उष्णतेनं रसातली साखर आणि अमिनो आम्लं यांची अभिक्रिया होऊन तपकिरी रंग येतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यानं 1912 मध्ये ती मांडली, म्हणून तिला त्याचं नाव. दूध आटून कुंद्याला जो खरपूस रंग आणि वास येतो त्यातही तिचाच मोठा हात आहे. उसाची जात, जमीन, चुन्याचं प्रमाण, पाक किती वेळ चुलीवर राहिला, या सगळ्यानं रंग बदलतो. आणि काही जण गूळ पिवळा दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उडवणारं रसायन, टाकतात. हा उजळपणा टिकत नाही, साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो. पण विक्री होईपर्यंत काम झालेलं असतं. म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्याची सवय थेट काहिलीपर्यंत पोचते. मला हा विषय महत्त्वाचा वाटतो तो यामुळे.

आता मानसशास्त्राची बाजू. फ्रान्समध्ये बोर्दो इथं 54 विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाईनमध्ये चवहीन लाल रंग मिसळून दिला गेला. ते वाईनशास्त्रच शिकत होते. तरी त्यांनी तिचं वर्णन लाल वाईनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. हा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. डोळ्यानं नाकाला आणि जिभेला आधीच सांगून ठेवलं होतं. आपल्या गुळाच्या बाबतीत तसं होतं का, हे कुणीतरी नीट तपासायला हवं, आणि ते बेळगावात बसून एका सत्रात होण्यासारखं आहे.

‘कोणता आवडला’ हे विचारण्याआधी ‘दोन्हींतला फरक तरी कळतो का’ हे विचार. त्यासाठी त्रिकोणी चाचणी कर. तीन पेले ठेवायचे, दोनांत एकच गूळ, तिसऱ्यात दुसरा. वेगळा कोणता तेवढं ओळखायला सांगायचं. काहीच न कळता बोट ठेवलं तरी तिनांत एकदा बरोबर येणारच, हे लक्षात ठेव. म्हणून 12 जणांपैकी 5-6 जणांनी ओळखलं तर खूश होऊ नकोस. निदान 8 जणांनी ओळखलं तरच ‘हा निव्वळ योगायोग नसावा’ असं 5 टक्क्यांच्या मर्यादेत म्हणता येतं, म्हणजे नुसत्या अंदाजानं तसं होण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी असते. हा 8 आकडा कोष्टकातून उचलू नकोस, एकदा हातानं काढून बघ. बारावीच्या गणितातली द्विपद संभाव्यता पुरते. संख्याशास्त्राची भीती वाटते असं तू लिहिलंस. ती या एका गणितानं निम्मी उतरेल, कारण आकडा कशासाठी आहे ते दिसतं. पेल्यांचे क्रम सहा होतात, ते सगळे सारख्या वेळा वापर. आणि डोळे बांधून कर, नाहीतर रंग बघूनच ओळखतील.

फरक कळतो असं ठरलं, की खरा प्रयोग. 10 ग्रॅम गूळ, 100 मिलिलिटर कोमट पाणी, दोन्ही गुळांना तेच माप, तेच फडकं, तेच तापमान. खडा देऊ नकोस; एक मऊ, एक कडक निघाला तर दातच निवाडा करतील. प्रत्येकानं चार वेळा चाखायचं: पिवळा आणि काळा, डोळे उघडे ठेवून, आणि तेच दोन, डोळे बांधून. गुण 1 ते 9, ‘अजिबात आवडलं नाही’ पासून ‘अतिशय आवडलं’ पर्यंत. ही नऊ पायऱ्यांची पट्टी अमेरिकी लष्करानं जवानांच्या जेवणाची आवडनिवड मोजण्यासाठी तयार करवली आणि आजही जगभर तीच चालते.

आता समज, उघड्या डोळ्यांनी पिवळ्याला सरासरी 8 आणि काळ्याला 5 मिळाले. अंतर 3. डोळे बांधल्यावर 7 आणि 6. अंतर 1. हा 1 जिभेचा आणि नाकाचा, कारण दोन गूळ चवीतही वेगळे असतातच. वरचे 2 डोळ्यांनी वाढवले. दोन्ही वेळा अंतर सारखंच आलं तर डोळा निर्दोष, आणि तेही तितकंच मोलाचं उत्तर आहे. नुसतं उघड्या डोळ्यांनी विचारलं असतंस तर हे 1 आणि 2 कधीच वेगळे झाले नसते. ही चार खणांची चौकट वहीच्या एका पानावर मोठी काढ आणि ती आरपार समजेपर्यंत पुढं जाऊ नकोस.

24 माणसं मिळाली तरी पहिल्या प्रकल्पाला पुरेत. निम्म्यांना आधी डोळे बांधून, निम्म्यांना नंतर. त्यातही निम्म्यांना आधी पिवळा, निम्म्यांना आधी काळा. म्हणजे सहा-सहाचे चार गट. कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरव, ओळखीच्या मैत्रिणी मुद्दाम एका गटात घालू नकोस. वेळ सकाळी दहा-अकराची बरी, जेवणानंतरची नको. मधे साध्या पाण्यानं चूळ. तंबाखू, पान खाल्लेलं असेल तर नम्रपणे नाही म्हण. निपाणीकडचा आपला भाग तंबाखूचा, हे विचारावं लागेल. आणि मधुमेह असणाऱ्याला घेऊ नकोस. गुळानं साखर वाढत नाही असं समजणारे घरोघरी आहेत, तेव्हा तू स्वतःहून विचारायला हवंस. काय चाखायला देणार ते आधी सांग, मधेच सोडून जायची मुभा आहे हेही सांग, आणि लेखी संमती घे.

आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण मात्र या कशातच नाही. आपल्या माणसांना तोंडावर वाईट म्हणता येत नाही. खानापूरच्या कुठल्याही घरात जा, पोरीनं हातात पेला दिला की ‘मस्त झालंय गं’ हेच येणार. हे प्रेम आहे, पण तुझ्या आकड्यांचं त्यात वाटोळं होतं. म्हणून तू समोर थांबू नकोस. पेल्यांवर 417, 862 असे तीन आकडी क्रमांक घाल. 1, 2 किंवा अ, ब नकोत, पहिला म्हणजे चांगला असं माणूस नकळत धरतो. क्रमांकांची यादी तुझ्याकडे ठेव आणि वाढायला अशी मैत्रीण बसव जिला कुठल्या पेल्यात काय आहे ठाऊक नाही. कागद दुमडून डब्यात टाकायला लाव. बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो असं मोठमोठे लोक मानत होते. ऑस्कर फुंग्स्टनं 1907 मध्ये दाखवलं की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसलं की घोड्यालाही येत नाही. विचारणाऱ्याच्या मानेची, चेहऱ्याची बारीकशी हालचाल तो वाचायचा. घोड्याला जे जमलं ते तुझ्या शेजारणीला सहज जमेल.

प्रश्नांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हींत छाप, ज्याला जे सोयीचं त्यानं ते भरावं. नऊ पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच उंचीच्या हव्यात. मराठीवरून कन्नड झालं की मूळ कागद न पाहिलेल्या कुणाकडून ते परत मराठीत करून घे आणि दोन्ही शेजारी ठेवून वाच. हे काम कंटाळवाणं आहे, पण आपल्या जिल्ह्यात ते टाळून चालत नाही. तू मराठी माध्यमातून आलीस, पाठ्यपुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून दडपण येतं हे समजतं. आखणी आधी मराठीत कर. जे मराठीत स्पष्ट सांगता येत नाही ते इंग्रजीत लिहून स्पष्ट होणार नाही.

पुस्तकाबद्दल एक आठवलं. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असा नकाशा अजून पुष्कळ ठिकाणी छापलेला दिसेल. तो चूक आहे. 1901 च्या एका जर्मन अभ्यासात निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत अगदी थोडा फरक दिसला होता, पुढं सांगता सांगता त्याच्या पक्क्या सीमारेषा झाल्या. जिभेवर जिथं जिथं चव कळते तिथं सगळ्याच चवी कळतात. गुळाचा थेंब जिभेच्या कडेला ठेवून बघ.

आता सगळ्यात कळीचं. गूळ विकत घेण्याआधी तुझा अंदाज, माणसांची संख्या आणि कोणती तुलना करणार हे तारखेसह वहीत लिही आणि मॅडमची सही घे. तुझ्याच क्षेत्रातलं उदाहरण देतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ब्रायन वानसिंक हे खाण्याच्या मानसशास्त्रातलं फार मोठं नाव होतं. 2016 मध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की, बफेत जेवणाऱ्यांच्या एका पाहणीत मूळ अंदाज फसला, तेव्हा विद्यार्थिनीला त्याच आकड्यांतून दुसरं काही शोधायला सांगितलं, आणि त्यातून अनेक शोधनिबंध निघाले. लोकांनी ते निबंध तपासायला घेतले. 2018 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिक समूहानं त्यांचे सहा निबंध एकदम मागं घेतले, विद्यापीठानं गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांनी राजीनामा दिला. आकडे पुरेसे पिळले की काही ना काही निघतंच; ते खरं असतं असं नाही. तुझा अंदाज चुकला तर ‘चुकला’ असं लिही. त्यासाठी गुण कापले जाणार नाहीत, आणि कापले तर मला कळव, मी मॅडमशी बोलेन.

पुढं काय, नोकरी कुठं, हे घरच्यांनी विचारलंच आहे. खाद्यपदार्थांच्या कंपन्यांत चव-परीक्षणाचे विभाग असतात, तिथं हीच चार खणांची चौकट रोज लागते. आपल्याच राज्यात म्हैसूरला 1950 पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे आणि म्हैसूर विद्यापीठात मानसशास्त्र विभाग 1924 पासून. पदवीनंतर त्या दिशेनं बघता येईल, आत्ता त्याची चिंता नको.

गूळ रविवार पेठेतून घेशील तर दोन्ही ढेपा ताज्या, याच हंगामातल्या घे. शक्य असेल तर थेट गुऱ्हाळावरून एकाच उसाचे, वेगळ्या आदणांचे दोन रंग मिळतात का विचार. तसं झालं तर प्रयोग फारच नेटका होईल. हायड्रॉस घातलाय का हेही विचार आणि शंका आली तर ती ढेप घेऊ नकोस, दुसऱ्याला चाखायला द्यायचं आहे. पण त्याआधी प्रश्नांचा कागद, दोन्ही भाषांतला, मला पाठव. मी बघून आठवड्याभरात परत करतो.

तुझा,
काका