यॉर्कहून व्हिटबी एका दिवसात होईल का? सोबत सत्तरीचे आईबाबा आहेत.

हो, आरामात होईल, फक्त ॲबीकडे, म्हणजे कड्यावरच्या जुन्या मठाच्या अवशेषांकडे, जाणाऱ्या त्या प्रसिद्ध १९९ पायऱ्या आईबाबांना चढायला लावू नका. ॲबीच्या शेजारीच वर कड्यावर वाहनतळ आहे, गाडी थेट तिथे न्या. मी यॉर्कशायरमध्येच राहतो आणि घरी येणाऱ्या पाहुण्यांना याच क्रमाने फिरवतो: आधी ॲबी, मग खाली गाव. मठाची स्थापना इ.स. ६५७ची, हिल्डा ही पहिली मठाधिपती. ईस्टरची तारीख रोमन पद्धतीने धरायची, हा निर्णय ६६४ साली इथेच झाला. आज उभ्या आहेत त्या कमानी मात्र बऱ्याच नंतरच्या, गॉथिक काळातल्या. डिसेंबर १९१४मध्ये जर्मन युद्धनौकांच्या तोफगोळ्यांनी त्यांचंही नुकसान केलं.

खाली गावातल्या ग्रेप लेनमध्ये प्रसिद्ध दर्यावर्दी जेम्स कुक शिकाऊ उमेदवारीच्या काळात राहिला ते त्याच्या मालकाचं घर आता संग्रहालय आहे. ते चुकवू नका. त्याचं एंडेव्हर जहाजही मुळात इथेच बांधलेलं, कोळसा वाहण्यासाठी.

आईसाठी काही घ्यायचं असेल तर जेटचे दागिने बघा. हे काळंभोर खडे म्हणजे अश्मीभूत लाकूड, हातात घेतलं की आश्चर्य वाटावं इतकं हलकं. जड आणि थंड लागलं तर बहुधा काळी काच.

मात्र हिवाळ्यात ॲबी रोज उघडी नसते, तेव्हा निघण्याआधी वेळ तपासा. आणि कड्यावर वारा फार झोंबतो, कानटोप्या घ्याच.