माथाडीचं घर घेतेयस ना, मग आधी फाइल बघ

पोरी,

काल पाठवलेले फोटो बघितले, कोपरखैरण्याची गल्ली लगेच ओळखली मी, समोरून कोणी आलं की एकाने अंग चोरायचं. खाली सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, मूळ बैठी खोली आणि वर मालकाने चढवलेले दोन मजले. एजंट तुला तीन मजल्यांचा भाव सांगतोय, पण सिडकोच्या कागदावर खोली एकच असणार. वरच्या मजल्यांची परवानगी दाखव म्हण त्याला, बघ कसा विषय बदलतो. उद्या पालिकेची एमआरटीपी, म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, बेकायदा बांधकामाची नोटीस आली तर ती तुझ्याच दारावर चिकटणार, एजंटच्या नाही.

ही घरं कोणाची होती माहितेय ना? माथाडींची, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांची. साताऱ्याकडची माणसं, मशीद बंदरला शंभर किलोची पोती पाठीवर वाहायची आणि रात्री गाळ्यात पाळीपाळीने झोपायची. अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा आणला, पुढे बाजार वाशीला आले आणि हमालांना इकडे हक्काचं छप्पर मिळालं. आमच्या शेजारच्या आबांनी पोती ओढायचा लोखंडी हूक चौकटीच्या वरच ठोकून ठेवला होता, मूठ हाताच्या घामाने काळी झालेली, नातू त्याला छत्री अडकवायचा.

असो. तू विकत काय घेतेयस ते नीट समजून घे. जमीन सिडकोची, आपण ६० वर्षांचे भाडेपट्टेदार. म्हणजे लीज १९८५ चं असेल तर ते २०४५ ला संपतं, बँकवाला पहिलं तेच विचारतो. सगळं फ्रीहोल्ड, म्हणजे जमीन आपल्याच मालकीची, होणारच आहे मॅडम असं एजंट म्हणेल, होईल तेव्हा होईल, त्याचे पैसे आज द्यायचे नाहीत.

आणि पॉवरवर, म्हणजे नुसत्या मुखत्यारपत्रावर, घर घ्यायचं नाही म्हणजे नाही! मी तेच केलं होतं, स्टॅम्पपेपर आणि मुखत्यारपत्र, वाटलं झालं काम. मूळ माथाडी वारले आणि गावाहून त्यांची मुलगी आली, म्हणाली माझी सही कुठेय? बरोबरच होतं तिचं. चार वर्षं हेलपाटे घातले, शेवटी तिला वेगळे पैसे दिले तेव्हा हक्कसोडपत्र झालं. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्टच सांगितलं, मला ते आधीच महागात कळलेलं.

तेव्हा मूळ अलॉटमेंट लेटर कोणाच्या नावाचं, वारस किती, बहिणींच्या सह्या आहेत का, मधल्या प्रत्येक व्यवहाराचं सिडकोकडे ट्रान्सफर झालंय का, हे आधी बघ. इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, काढ. घर फक्त तुझ्या नावावर घे, बाईला मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, दादाचं नाव घातलंस की गेली ती. खालच्या खोलीत कॉलम आहेत का तेही बघ, कारण मूळ भिंती एका छपराच्या हिशोबाने बांधलेल्या, त्यावर दोन मजले आणि पाण्याची टाकी कशी उभी आहे ते देवच जाणे.

सिडकोतल्या फाइलची कॉपी हातात येईपर्यंत टोकन द्यायचं नाही, एक रुपयाही नाही, दुसरी पार्टी तयार आहे म्हणाला तरी. बेलापूरला सिडको भवनात मी येतो सोबत, फक्त अकराच्या आत पोचायचं, नाहीतर साहेब जेवायला जातात आणि अख्खा दिवस फुकट.