गाडी एका बाजूला बसलीये, टायर घासतोय… शॉकअप बदलू का?

प्रश्न (सातारा): माझ्या हॅचबॅकला कंपनीचे १६५/८० आर१४ टायर होते. दिवाळीत अलॉय टाकले आणि १९५/६५ आर१५ टायर बसवले. तेव्हा काही त्रास नव्हता, पण गेल्या महिन्यापासून स्टेअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं किंवा खड्ड्यातून गेलं की पुढच्या डाव्या चाकाकडून खर्रर्र आवाज येतो. समोरून बघितलं तर गाडी डावीकडे बसल्यासारखी पण वाटते. गॅरेजवाले म्हणतात चारही शॉकअप बदला. बदलू का?

उत्तर: थांबा, पैसे घालू नका अजून. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप फक्त उसळी आवरतो. शॉकअप गेला की गाडी झुलते, खड्ड्यात आदळते, पण डोळ्याला दिसेल इतकी एका बाजूला बसत नाही, त्यामुळे बसलेल्या गाडीला शॉकअप बदलून खर्च तेवढा होतो आणि गाडी तशीच राहते.

आधी मापं घ्या. चारही टायरमध्ये हवा सारखी करा, डिकी रिकामी करा, गाडी सपाट फरशीवर लावा आणि चाकाच्या मधोमध पासून वर फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप धरा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. डावी-उजवीत पाच-सात मिमी इकडेतिकडे असेल तर सोडून द्या, पण वीस-पंचवीस निघाले तर काहीतरी तुटलंय किंवा बसलंय हे नक्की समजा.

आता एक गंमत अशी की पुढचा डावा कोपरा खाली दिसतो म्हणून दोष तिथेच असेल असं नाही, मागची एक स्प्रिंग बसली तरी गाडी तिरकी होऊन पुढे फरक दिसतो. गॅरेजमध्ये ट्रॉली जॅक मागच्या एक्सलच्या बरोबर मध्यभागी लावून मागची बाजू उचलायला सांगा. पुढचं सरळ झालं तर दोष मागे, तरीही डावीकडे झुकलेलंच राहिलं तर दोष पुढे. जॅक काढल्यावर परत मोजायचं असेल तर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून घ्या, नाहीतर चाकं आत ओढलेली राहतात आणि माप चुकतं.

तुमच्या केसमध्ये मला पुढच्या डाव्या स्प्रिंगचा संशय जास्त आहे. स्प्रिंग बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या वेढ्यात तुटते, तुकडा खालच्या वाटीत चिखलाखाली पडून राहतो आणि वरून सगळं ठीक दिसतं. चाक काढा, वाटी पाण्याने धुवा आणि बॅटरी मारून स्प्रिंगचं टोक शोधा, उजवीकडच्या टोकाशी ताडून बघा. तुटलेलं टोक टायरकडे आलेलं दिसलं तर गाडी चालवूच नका, टो करा, ते टोक टायर फाडू शकतं. स्प्रिंग बदलताना पुढच्या दोन्ही एकदम बदला, आणि घरी खोलायचा प्रयत्न कृपा करून नको, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेततं.

आता टायरचं. तुमचा नवा टायर जुन्यापेक्षा साधारण १५ मिमी उंच आणि ३० मिमी रुंद आहे. त्यात अलॉयवरचा ईटी आकडा (रिम गाडीला टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे तो) कंपनीच्या रिमपेक्षा १० ने कमी असेल तर चाक आणखी १० मिमी बाहेर. म्हणजे जागा दिवाळीतच संपत आली होती, गाडी खाली बसल्यावर उरलीसुरली पण गेली. टायरच्या कडेला खडू फासून एक चक्कर मारा, जिथे खडू पुसला जाईल तिथे घासतंय. बाहेरची कड पुसली तर फेंडर किंवा लायनर (फेंडरच्या आतलं प्लास्टिक), आतली पुसली तर स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब). लायनरची क्लिप निघून तो लोंबत असेल तर तेवढंच काम पन्नास-शंभर रुपयांत होतं. पुढच्या वेळी १८५/६५ आर१५ घ्या, उंची जवळपास मूळ टायरएवढीच येते. आणि हो, अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, स्प्रिंग बदलल्यावर, आधी केलं तर दोनदा पैसे.

प्रश्न (नाशिक): सीएनजी बसवल्यापासून गाडी मागून बसलीये, दोन्हीकडे सारखीच. स्प्रिंगमध्ये रबराचे बफर घालू का?

उत्तर: दोन्हीकडे सारखं म्हणजे ते सिलिंडरचं वजन आहे, बिघाड नाही. बफरने उंची मिळते पण गाडी कडक होते आणि स्प्रिंगवर एकाच जागी ताण येतो, त्यापेक्षा त्याच मॉडेलच्या सीएनजी व्हर्जनच्या मागच्या स्प्रिंग बसतात का ते पार्टवाल्याला विचारा. तोवर हेडलाइटचा झोत लेव्हलरने (झोत वर-खाली करायच्या बटणाने) एक-दोन टप्पे खाली आणा, मागून बसलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो.