मॅन्युअल वाचून गाडीची देखभाल घरी शिकता येते का?

येते की! फक्त पुस्तक कुठलं ते बघा. डॅशबोर्डच्या खणात न उघडता पडलेलं असतं ते गाडीमालकासाठीचं. इंजिन खोलायचं वर्कशॉप मॅन्युअल वेगळं. नवशिक्याला पहिलं पुरतं.

सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायच्या दांडीपासून करा. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करा, ५-१० मिनिटं थांबा. दांडी काढा, फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. मी पहिल्यांदा न पुसताच पाहिलं आणि उगाच अर्धा लिटर ओतलं. ते काढून घ्यायला गॅरेजात जावं लागलं, वर मेकॅनिकचं हसू फुकट. ऑइल जास्त झालं तरी वाईटच, घुसळून फेस होतो.

हवा भरताना टायरच्या कडेवर छापलेला आकडा धरू नका, ती कमाल मर्यादा. योग्य दाब बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायर थंड असताना मोजा. पुढे एअर फिल्टर, वायपर, फ्यूज सहज जमतात.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर अजिबात शिरायचं नाही. ब्रेकचं काम सध्या मेकॅनिकलाच द्या, शेजारी उभं राहून बघा.