जुना जरीचा काठ नव्या साडीवर

प्रश्न : ताई, आमच्या आजेसासूबाईंची जांभळी रेशमी साडी आहे. काठ विणलेला नाही. सॅटिनच्या पट्टीवर जरीच्या तारांनी वेल भरून ती पट्टी साडीला शिवली आहे. साडी घड्यांवर चिरली, काठ मात्र शाबूत आहे. लेकीच्या लग्नात तो नव्या साडीला लावायचा आहे. शिंपी म्हणतात, तारा उसवून नव्या कापडावर पुन्हा भरून देतो. काठ काळवंडलाय, चिंचेच्या कोळाने घासू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घासू नका आणि कृपा करून उसवूही देऊ नका.

तुमच्याकडे आहे ती जरदोजी. काठ भिंगातून पाहा. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली बारीक तार दिसेल, ती सलमा. तिचे तुकडे कापून, पोकळीतून दोरा ओवून, मण्यांसारखे टाचलेले असतात. शेजारी सलग जाणारा सोनेरी दोरा म्हणजे कलाबतू. तो कापडातून ओवलेला नसतो, नुसता वर ठेवून बारीक टाक्यांनी धरलेला असतो. उसवताना सलमा ताणला गेला की पुन्हा गुंडाळला जात नाही आणि कलाबतूची तार आतल्या रेशमावरून सुटत जाते. नव्या कापडावर हाती येईल तो मोडक्या तारांचा दुसराच काठ. मूळ कारागिराचा हात त्यात उरणार नाही.

म्हणून काठ हलवायचा तो त्याच्या सॅटिनसकट. पट्टी साडीला जोडणारे टाके तेवढे उलट बाजूने एकेक कापा, ओढू नका. सुटलेल्या पट्टीखाली मऊ मलमलीचं अस्तर लावा. सॅटिन विरलं असेल तिथे ते मलमलीवर बारीक टाक्यांनी बसवा. जिथे सलमा सैल झालाय तिथे बहुतेक वेळा तार धड असते, कुजलेला असतो तो दोरा. नव्या दोऱ्याने तिथल्या तिथे टाचता येतं. मग पट्टी नव्या साडीवर हातानेच शिवा, मशिनची सुई तारा तोडते. कडेला बारीक सोनेरी दोरी लावली की जोड झाकला जातो. एवढं काम शिंप्याकडचं नाही, जरीकाम करणाऱ्या कारागिराकडे जा. मुंबईत धारावीत असे कारखाने आहेत, लाकडी चौकटीवर, म्हणजे अड्ड्यावर, कापड ताणून काम चालतं. साडी घेताना जॉर्जेटच्या मोहात पडू नका, या काठाच्या वजनाने ते ओघळेल. घट्ट विणीचं रेशीम घ्या. निऱ्यांच्या आत खोचला जाणारा भाग बिनकाठाचा ठेवलात तर पट्टी पुरवून वापरता येईल.

आता काळेपणा. खऱ्या जरीत चांदीची तार चपटी करून रेशमावर गुंडाळतात, वर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडते. चिंचेने काळेपणा जाईल, पण घासताना मुलामाही जाईल आणि आंबट पाणी दोऱ्यात मुरून राहील. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बाकी तसंच राहू द्या. मला तर तो जुना, गडद सोनेरी रंग नव्या झगझगाटापेक्षा कितीतरी देखणा वाटतो. जरीची तार खरी आहे का, हे पाहायचं तर सुटलेल्या एखाद्या तारेचं टोक नखाने खरवडा. पांढरी चमक म्हणजे चांदी, तांबूस दिसली तर तांबं. तांबं निघालं तरी काठाची किंमत कमी समजू नका. आणि चांदीसाठी वितळवायला मागणारा कुणी आला तर दारातूनच परत पाठवा, तो तुम्हाला फक्त धातूचं वजन मोजून देईल.

काही तुकडे गळाले असतील तर भर घालायला सुरतेचा सलमा मागा. सुरतेच्या जरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, लखनौच्या जरदोजीला 2013 साली. लग्नात लेकीला अत्तर-सेंट साडी नेसण्याआधी लावायला सांगा. नंतर साडी मांजरपाटात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही.

प्रश्न : सुती कुर्त्याला बाजारातली सोनेरी लेस लावली. पहिल्याच धुण्यात चुण्या पडल्या. का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : कापड आटलं, लेस आटली नाही. पुढच्या वेळी सुती कापड शिवण्याआधी रात्रभर भिजवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच लेस लावा. या कुर्त्याची लेस उसवून पुन्हा लावलीत तरी चालेल. ती सहसा प्लॅस्टिकच्या जरीची असते, त्यामुळे गरम इस्त्री थेट फिरवू नका. उलट बाजूने, मध्ये सुती फडकं ठेवून, कोमट इस्त्री करा.